मुलांचे चेहरे आणि काळापांढरा फोटो

घरांतील लहान मुलाचा फोटो काढावयाचा ठरला कीं सगळ्या घराची धांदल उडते. मुलाला न्हाऊं घालतात, भांग काढतात, ठेवणींतले कपडे चढवितात, आणि मग त्याला भिंतीसमोर उभें करून चहूंकडून एकच आज्ञा सुटते : "हास बरं, बाळ!" मूल ओठ फांकवितें, दांत दाखवितें आणि फोटो निघतो. पुढें अल्बम उघडून पाहतांना आईलाच प्रथम जाणवतें कीं चेहरा तोच आहे, कपडे तेच आहेत, पण दिवसभर घरांत हिंडणारें आपलें पोर कांहीं या चित्रांत नाहीं. तें कां येत नाहीं आणि कोणत्या रीतीनें येऊं शकतें, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. काळ्यापांढऱ्या फोटोच्या बाबतींत तर तो अधिकच. कारण तेथें रंगांची मदत नसते, आणि चेहऱ्यावरचें सारें बोलणें उजेड आणि सावली या दोघांकडून करवून घ्यावें लागतें.

आज्ञेवरच्या हसण्यांत उणें काय असतें तें द्यूशेन नांवाच्या एका फ्रेंच डॉक्टरनें १८६२ सालींच दाखवून दिलें आहे. चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा प्रवाह लावून त्यानें निरनिराळ्या मुद्रा उत्पन्न केल्या व त्यांचीं छायाचित्रें आपल्या ग्रंथांत छापलीं. त्यास असें आढळलें कीं, ओठांचे कोपरे वर ओढणारा गालाचा स्नायु माणसाच्या इच्छेप्रमाणें चालतो. पण खऱ्या आनंदांत डोळ्यांभोंवतालचा जो स्नायु आकुंचन पावतो, तो हुकूम सहसा मानीत नाहीं. "हास" म्हटल्यावर मुलाचें तोंड हसतें आणि डोळे तसेच राहतात, याचें कारण हें. मुलाचा त्यांत कांहीं अपराध नाहीं. त्याला जेवढें सांगितलें तेवढें त्यानें केलें.

वास्तविक पाहतां कॅमेरा आणि मुलाचें हसूं यांचें प्रारंभीं वैरच होतें. छायाचित्रणाची विद्या १८३९ सालीं जगासमोर आली, त्या वेळीं एक चित्र उमटावयास कांहीं मिनिटें लागत. पुढें भिंगें सुधारलीं, काचेवर ओलें कोलोडियन पसरून चित्र घेण्याची पद्धति आली, तरी कित्येक सेकंद, प्रसंगीं त्याहूनही अधिक वेळ, निश्चल बसणें चुकत नसे. मोठ्या माणसाचें डोकें मागून लोखंडी आधारांत अडकवितां येई. तान्ह्या मुलाचें काय करावयाचें? तेव्हां युरोप-अमेरिकेंतील फोटोवाले एक युक्ति करीत. आईलाच खुर्चीवर बसवून तिच्यावर डोक्यापासून पायांपर्यंत कापड टाकीत आणि तिच्या मांडीवर मूल ठेवीत. अशीं पुष्कळ चित्रें अद्याप शिल्लक आहेत. नीट न्याहाळून पाहिलें तर कापडाखालून निघालेला एखादा हात मुलाला घट्ट धरून असलेला दिसतो. मूल गंभीर, कांहींसें बावरलेलें. आणि ज्या माणसाकडे पाहून त्याचा चेहरा फुलावयाचा, तें माणूसच कापडाखालीं झांकलेलें!

याच ओल्या काचांच्या काळांत एका बाईनें मुलांचीं चित्रें निराळ्या तऱ्हेनें काढलीं. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ सालचा, कलकत्त्याचा. त्यांचे पति हिंदुस्थानांतील कायदा-आयोगाचे सभासद होते. उतारवयाकडे झुकल्यावर हें कुटुंब आइल ऑफ वाइट या इंग्रजी बेटावर फ्रेशवॉटर गांवीं राहत असतां, १८६३ च्या डिसेंबरांत लेक आणि जांवई यांनीं बाईंना एक कॅमेरा भेट दिला. त्या वेळीं त्यांचें वय ४८ वर्षांचें होतें. त्यांनीं कोळशाच्या कोठीची अंधारी खोली केली आणि कोंबड्यांचें खुराडें मोकळें करून तेथें चित्रशाळा थाटली. आरंभीं त्यांनीं दोन मुलांना समोर बसविलें. चित्र अर्ध्यावर आलें असेल नसेल, इतक्यांत एका मुलाला खुदकन् हसूं फुटलें आणि काच फुकट गेली. मग त्यांनीं ॲनी नांवाची एकच मुलगी घेतली, आणि तूं हाललीस तर बिचाऱ्या मिसेस कॅमेरॉनचीं औषधें व सारी खटपट वायां जाईल, असें तिला कळकळीनें सांगितलें. मुलगी हालली नाहीं. १८६४ च्या जानेवारींतील हें चित्र बाईंनीं आपलें पहिलें यश मानलें. चित्र साधल्याबरोबर त्या मुलीला द्यावयाच्या भेटी शोधीत त्या घरभर धांवल्या. जणूं चित्र तिनेंच केलें, असें त्यांना वाटलें.

हें चित्र आज पाहिलें तर त्यांत हसूं नाहीं. कोटाचीं मोठीं बटणें लावलेलीं, केस थोडे विस्कटलेले, मान किंचित् वळलेली, दृष्टि कॅमेऱ्याच्या बाहेर कोठें तरी. उजेड एका बाजूनें येतो आणि दुसरा गाल सावलींत विरून जातो. तरीही त्या चेहऱ्यावर जिवंतपणा आहे, आणि तो कोठून आला याचा उलगडा वरच्या हकीकतींतच आहे. इतर फोटोवाले मुलाला जखडून स्थिर करीत. या मुलीला एक काम सोंपविलें गेलें होतें आणि तें ती मनापासून करीत होती. चेहऱ्यावर जो गंभीरपणा दिसतो तो धाकाचा नाहीं, जबाबदारीचा आहे. बाईंचीं चित्रें पुसट असतात, भिंग नीट जुळविलेलें नसतें, असा आक्षेप त्या काळच्या जाणकारांनीं घेतला. त्यांत तथ्यही होतें. पण ज्यांच्या चित्रांतील प्रत्येक बटण स्पष्ट दिसे, अशा कित्येक जाणकारांचीं नांवें आज कोणी घेत नाहीं.

१८७८ च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या काचा पुरेशा वेगवान झाल्या आणि सेकंदाच्या लहानशा अंशांत चित्र निघूं लागलें. १९०० सालीं एक डॉलर किंमतीचा ब्राउनी कॅमेरा निघाला, तो तर मुलांच्याच हातीं द्यावयाचा म्हणून. स्थिर बसण्याची गरज संपली. मुलाला भिंतीशीं उभें करण्याची संवय मात्र गेली नाहीं, ती आजच्या मोबाइलपर्यंत चालत आली आहे.

हसण्याइतकाच रडण्याचाही विचार केला पाहिजे, आणि तो करणाऱ्यांत चार्ल्स डार्विन यांचें नांव पहिलें. माणसांच्या व जनावरांच्या भावदर्शनावरील त्यांचा ग्रंथ १८७२ सालीं निघाला. छायाचित्रें छापलेल्या पहिल्यावहिल्या शास्त्रीय ग्रंथांपैकीं तो एक. त्यांतील रडण्यावरचें प्रकरण वाचतांना शास्त्रज्ञाइतकाच बापही बोलत असल्याचें जाणवतें. त्यांच्या तान्ह्या मुलाच्या डोळ्याला एकदां कोटाची बाही चुकून लागली. मूल तेव्हां ७७ दिवसांचें होतें. त्या डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. पण मूल जोरजोरानें किंचाळत असूनही दुसरा डोळा जवळजवळ कोरडाच राहिला. रडतांना आंसवें गालांवरून ओघळलीं तीं १३९ व्या दिवशीं. तान्हें मूल प्रथम रडतें तें अश्रूंवांचून, ही गोष्ट प्रत्येक आईनें पाहिलेली असते. तिची दिवसवार नोंद ठेवणारे थोडे.

ग्रंथाच्या आरंभींच्या चित्रांत एक भोंकाड पसरलेलें मूल आहे. मूळचे स्वीडनचे, पण इंग्लंडांत येऊन राहिलेले फोटोग्राफर ऑस्कर रेलँडर यांचें तें काम. तें चित्र इतकें लोकप्रिय झालें कीं त्याच्या हजारों प्रती खपल्या. पुढें अभ्यासकांनीं बारकाईनें तपासलें तेव्हां उघडकीस आलें कीं, हें चित्र सरळ मुलावरून घेतलेलें नव्हतें. मूळ छायाचित्रावरून हातानें एक मोठें रेखाटन केलें होतें, आणि त्या रेखाटनाचा हा फोटो होता. खरें रडें कॅमेऱ्याला जेमतेम सांपडलें होतें. लोकांना हवें तितकें ठसठशीत तें खडूनें करावें लागलें. मुलांच्या फोटोंत भावना "भरण्याची" हौस किती जुनी आहे, तें यावरून कळेल.

डार्विन यांच्या निरीक्षणांपैकीं एक मात्र फोटो काढणाऱ्यानें जवळ बाळगण्याजोगें आहे. मूल रडूं आवरूं पाहतें तेव्हां चेहऱ्याचे इतर स्नायु त्याला थोडेफार आवरतां येतात. ओठांचे कोपरे खालीं ओढणारे स्नायु सहजीं ताब्यांत येत नाहींत. म्हणजे सारा चेहरा शांत, आणि ओठांचीं टोकें तेवढीं खालीं वळलेलीं, अशी एक क्षणभराची अवस्था असते. मोठ्यानें रडणारीं मुलें बरींचशीं सारखीं दिसतात : डोळे घट्ट मिटलेले, तोंड चौकोनी उघडलेलें. इतकेंच काय, नुसत्या फोटोवरून तें रडणें आहे कीं खदखदून हसणें आहे, याचाही कधीं कधीं घोटाळा होतो. पण रडें गिळणारें, हसूं दाबणारें, किंवा कांहीं विचारावें कीं न विचारावें अशा घोळांत पडलेलें मूल दुसऱ्या कोणासारखें दिसत नाहीं. हे मधले क्षण काळ्यापांढऱ्या फोटोला विशेष मानवतात, कारण त्यांतला फरक रंगाचा नसतो; ओठांपाशीं पडलेल्या एका बारीक सावलीचा असतो.

येथें या सावलीचें शास्त्र थोडें पाहणें अवश्य आहे. रंगीत फोटोंत तांबड्या झबल्याकडे डोळा आधीं धांवतो आणि चेहऱ्याकडे मागून येतो. रंग काढून घेतला कीं उरतो तो फक्त उजळपणाचा क्रम. गर्द तांबडें झबलें आणि हिरवी मेंदीची कुंपणी हीं डोळ्यांना अगदीं विरुद्ध दिसतात. पण दोहोंचा उजळपणा सारखा असेल तर काळ्यापांढऱ्या चित्रांत तीं एकाच करड्या रंगाचीं होऊन परस्परांत मिसळतात. उलट काजळ घातलेल्या डोळ्यांचें काळें आणि पांढरें यांना असा उठाव येतो कीं सारा चेहरा त्या दोन ठिकाणीं एकवटतो. आजीबाई काजळ घालतात ती दृष्ट लागूं नये म्हणून. फोटोवाल्याचें काम त्यांत आयतेंच होऊन जातें.

श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं पणजोबांच्या वेळचे फोटो असतील. त्यांत माणसें प्रत्यक्षापेक्षां सांवळीं आणि ओठ काळपट दिसतात. याचें कारण त्या काळच्या काचांना निळा प्रकाश तेवढा कळे, तांबडा कळत नसे. गव्हाळ वा सांवळ्या कातडीवरून परत येणाऱ्या प्रकाशांत तांबड्याचा भाग मोठा. तोच वगळला गेल्यावर चेहरा काळवंडणारच. जर्मनींतील हेर्मान फोगेल यांनीं १८७३ सालीं शोधून काढलें कीं, काचेवरील लेपांत विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास तिला हिरवाही प्रकाश कळूं लागतो. सर्व रंग कळणाऱ्या काचा १९०६ सालीं इंग्लंडांत विक्रीस आल्या. आज मोबाइलवर रंगीत फोटो एका स्पर्शानें काळापांढरा होतो, आणि कित्येक साधनांत कोणता रंग किती उजळ धरावा हें ठरविण्याच्या पट्ट्या असतात. तांबड्याची पट्टी वाढविली तर मुलाचा गाल उजळतो, पण ओठही फिके पडून मुद्रा निस्तेज होते; निळ्याची वाढविली तर पणजोबांचा काळ परत येतो. दोन्हींच्या मध्यें कोठें थांबावें हें यंत्र सांगत नाहीं. ज्यानें तें मूल पाहिलें आहे त्यालाच तें सांगतां येईल.

यंत्र आणखी एक फसवणूक करतें. समोरचा देखावा सरासरीनें करडाच असणार, असें धरून तें उजेडाचें माप घेतें. पांढऱ्या शुभ्र दुपट्यांतील तान्हें मूल त्यामुळें मळकट निघतें, आणि काळोख्या दारांत उभें असलेलें मूल फटफटीत. अशा वेळीं माप कपड्यावरून न घेतां गालावरून घ्यावें.

उजेडाविषयीं फार सांगण्याची गरज नाहीं, कारण चांगला उजेड बहुतेक घरांत असतोच. ओटीवर, गॅलरींत किंवा उत्तरेच्या खिडकीशीं, जेथें ऊन प्रत्यक्ष पडत नाहीं तेथें चेहऱ्याची गोलाई सर्वांत चांगली दिसते. श्रावणांत आभाळ भरून आलें असतां तर सारें अंगणच चित्रशाळा होतें. मुलाचा एक गाल खिडकीकडे असावा. दुसरा फारच अंधारला तर त्या बाजूस एखादें धुतलेलें पांढरें धोतर टांगावें, म्हणजे उजेड परतून सावलींत मिसळतो. भर दुपारचें ऊन मात्र टाळावें, त्यानें डोळ्यांच्या जागीं नुसत्या खांचा दिसतात. बुबुळांत खिडकीचा जो चिमुकला पांढरा ठिपका उमटतो, तो असला कीं डोळा पाहत आहेसा वाटतो. काळ्यापांढऱ्या चित्रांत तो ठिपका नसेल तर बाकी सगळें साधूनही पुष्कळदां चित्र फसतें.

आतां कॅमेरा कोठें धरावा? उभ्या माणसाच्या डोळ्यांशीं धरलेल्या कॅमेऱ्याला मुलाचें कपाळ मोठें आणि हनुवटी लहान दिसते. शिवाय मूल वर पाहतें, आणि वर पाहणाऱ्या चेहऱ्यावर विनवणीचा भाव आपोआप येतो. तो मुलाचा नसतो, उंचीतल्या फरकाचा असतो. १९२९ सालीं जर्मनींत निघालेल्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यानें ही अडचण सहज सोडविली. तो पोटाशीं धरून वरून आंत पाहावयाचा. त्यामुळें भिंग थेट मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येई, आणि काढणाऱ्याचा चेहरा यंत्रामागें लपत नसे. आज तो कॅमेरा हाताशीं नसला तरी जमिनीवर मांडी घालून बसतां येतें. फार जवळ मात्र जाऊं नये. जवळून नाक मोठें होतें आणि कान मागें पळतात. दीड-दोन मीटरांवर बसून मुलाला त्याच्या उद्योगांत सोडून द्यावें. शेंगा सोलणें, बुटाची नाडी बांधणें, भोंवऱ्याला जाळी गुंडाळणें, असें कांहींही काम चालेल. ॲनीचें काम तर केवळ न हालण्याचें होतें. पहिलीं पांच-दहा मिनिटें मूल कॅमेऱ्याकडे पाहील, वेडावून दाखवील. मग त्याला कंटाळा येईल. खरें काम त्या कंटाळ्यानंतर सुरू होतें.

चेहरा दिसलाच पाहिजे असेंही नाहीं. डोरोथिया लँग या अमेरिकन बाईंनीं १९३६ च्या मार्चमध्यें कॅलिफोर्नियांतील निपोमो येथें वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचें चित्र घेतलें. बत्तीस वर्षांची बाई, मांडीवर तान्हें मूल, आणि दोन्ही खांद्यांशीं एकेक मूल. या दोघांनीं तोंडें फिरविलेलीं आहेत. दिसतात त्यांच्या वेड्यावांकड्या कापलेल्या केसांच्या मानाच फक्त. त्याच प्रसंगाचीं इतर चित्रेंही आहेत, त्यांतल्या कांहींत मुलांचे चेहरे दिसतात, आणि तीं चित्रें इतकी पकड घेत नाहींत. तोंड फिरविणें ही मुलाची भाषा आहे. घरांतलें मूल कॅमेऱ्याकडे पाठ करून आईच्या पदरांत शिरतें, तेव्हां त्याला ओढून बाहेर काढण्याची घाई आपण करतों. तसाच एक फोटो घेऊन पाहावा. आणि मूल खरोखरच दुःखांत असेल तर कॅमेरा खालीं ठेवावा हें उत्तम. तसा फोटो निघालाच तर तो घटकाभरांत पन्नास घरीं पाठविण्यापूर्वीं हें मूल मोठें होऊन तो पाहणार आहे, याची आठवण ठेवावी.

चेहऱ्यावरचा भाव वाचतांना मोठ्या माणसांची केवढी चूक होऊं शकते, याचें एक उदाहरण फार प्रसिद्ध आहे. डेव्हिड सीमूर, ज्यांना चिम म्हणत, त्यांचा जन्म १९११ सालीं वॉर्सा येथें झाला. दुसऱ्या महायुद्धांत त्यांचे आईबाप नाझींच्या हातून मारले गेले. १९४८ सालीं युनिसेफनें त्यांना युद्धानंतरच्या युरोपांतील मुलांचीं चित्रें काढण्यास पाठविलें. त्या कामगिरींत ते आपल्या जन्मगांवींही गेले. तेथील मनानें दुखावलेल्या मुलांच्या एका शाळेंत मुलांना फळ्यावर घर काढावयास सांगितलें होतें. तेरेस्का नांवाच्या मुलीनें घर काढलें नाहीं. खडूच्या गुंतागुंतीच्या रेषांचा एक गोळा काढला. त्या रेषांपाशीं उभी राहून ती कॅमेऱ्याकडे पाहते. डोळे विस्फारलेले. तिला हास म्हणून कोणी सांगितलें नसावें.

चित्र जगभर छापलें गेलें आणि त्याखालीं एक मजकूर चिकटला : ही मुलगी छळछावणींत वाढली. वर्षानुवर्षें लोक तो मजकूर वाचून मग डोळे वाचीत, आणि छावणीच त्यांना त्या डोळ्यांत दिसे. पुष्कळ वर्षांनीं पोलंडांतील संशोधकांनीं तिचा पत्ता काढला, तेव्हां ती छावणींत वाढलेली नव्हती असें निष्पन्न झालें. १९४४ च्या वॉर्सातील उठावाच्या दिवसांत स्फोटाच्या तुकड्यानें तिच्या डोक्याला इजा झाली होती. दुःख खरेंच होतें, आणि कमीही नव्हतें. पण तें तिचें निराळें होतें, आणि जवळजवळ सत्तर वर्षें तिच्या फोटोखालीं दुसऱ्या कोणाचें दुःख छापलें जात होतें. छायाचित्रांत भाव उमटतो, त्याचें कारण उमटत नाहीं.

यासाठीं घरच्या फोटोंच्या पाठीमागें दोन ओळी लिहून ठेवण्याचा जुना परिपाठ चांगला होता. मुलाचें नांव आणि तारीख तर हवीच. पण फोटोच्या आधीं काय चाललें होतें तेंही लिहावें. "पतंग कटला", "आत्या गांवीं निघाली", "दांत पडला", इतकें पुरे. मोबाइलमध्यें हजारों फोटो सांठतात, त्यांतले वर्षाकांठीं दहा-बारा तरी कागदावर छापून घ्यावेत. लिहितांना मऊ पेन्सिल वापरावी, शाई नको. शाई कागदांतून पुढें उतरते. कागद पालथा घालून कडेलाच लिहावें आणि दाब अगदीं हलका असावा, नाहींतर अक्षरांचे वळ समोरच्या बाजूनें चेहऱ्यावर उठतात.